सशाचं काळीज, एक ढोल आणि आठ तासांची गोष्ट

प्रश्न : माझी मुलगी कोरियन गाणी फार ऐकते. मध्ये तिनं एक व्हिडिओ दाखवला. रंगीबेरंगी कपड्यांतले नर्तक सोल शहरात नाचताहेत आणि काही गायक वाघाबद्दल खणखणीत आवाजात गाताहेत. ती म्हणाली, हे शब्द आताचे नाहीत, जुन्या कथागायनातले आहेत. मूळ प्रकारात एकच माणूस एका ढोलाच्या साथीनं आठ-आठ तास गोष्ट गातो. गोष्ट विचारली तर कासव, ससा आणि सशाचं काळीज! ही तर आपल्या पंचतंत्रातली माकड-मगरीची गोष्ट. हा योगायोग का? आणि हा प्रकार कीर्तनासारखा समजायचा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : योगायोग नाही. तुम्ही ओळखलीत ती गोष्ट तीच आहे, फक्त फार लांबून फिरून आलेली.

या कथागायनाला कोरियात ‘पान्सोरी’ म्हणतात. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ तिथल्या पर्यटन संस्थेनं २०२० साली काढला. गाणारा बँड ‘लीनालची’. हे नाव त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या ई नालची या गायकाचं घेतलं. तो आधी दोरीवर चालणारा डोंबारी होता आणि पुढे पान्सोरीचा नामवंत गायक झाला. बँडनं घेतलेले शब्द ‘सुगुंग-गा’ या कथेतले, म्हणजे समुद्रातल्या राजवाड्याच्या कथेतले आहेत.

गोष्ट अशी. दक्षिण समुद्राचा नागराजा आजारी पडतो. सशाचं काळीज खाल्लं तरच बरा होईल, असं निदान होतं. दरबार भरतो. मासे, खेकडे, कालवं आपापल्या हुद्द्याप्रमाणे रांगेत उभी राहतात आणि जमिनीवर जायची वेळ येताच प्रत्येकाला काही ना काही अडचण निघते. शेवटी कासव पुढे होतं. हा दरबारातला अगदी खालच्या पायरीचा अधिकारी. त्यानं ससा कधी पाहिलेला नाही, म्हणून चित्रकाराकडून सशाचं चित्र काढून घेतो आणि निघतो.

तुमच्या व्हिडिओतला वाघ इथे येतो. समुद्र पोहून, मग हनुवटी घासत डोंगर चढून कासवाचा जबडा आखडलेला असतो. दूर ससा दिसतो. त्याला मानानं हाक मारायची म्हणून कासव ‘तो-सेंगवॉन’ म्हणू पाहतं, म्हणजे ‘ससेराव’. आखडलेल्या जबड्यातून निघतं ‘हो-सेंगवॉन’, म्हणजे ‘वाघराव’. आजवर कुणी अशी आदरानं हाक मारली नव्हती, म्हणून वाघ हरखून डोंगर उतरू लागतो. त्याचे पंजे, त्याची शेपटी, त्याची डरकाळी, सगळं वर्णन एका दमात येतं. पारंपरिक गायनात हा भाग ‘ऑत्मोरी’ नावाच्या तालात गातात. दहा मात्रा, ३-२-३-२. आपल्या झपतालाचे २-३-२-३ हे खंड ज्यांच्या कानात बसलेत त्यांना ही लंगडती चाल लगेच ओळखीची वाटेल. एरवी पान्सोरीत हा ताल क्वचित येतो. असाधारण कुणीतरी येतंय, हे ऐकणाऱ्याला तालावरूनच कळावं, अशी ती योजना आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मानमरातबाची लालूच दाखवून ससा समुद्रात नेला जातो. सुरी समोर आल्यावर तो म्हणतो, काळीज तर जमिनीवर ठेवून आलो, आधी सांगायचं नाही का? राजा विश्वास ठेवतो, सशाला मेजवानी देतो आणि कासवासोबत परत पाठवतो. किनाऱ्याला पाय लागताच ससा पसार.

आपल्याकडे पंचतंत्राच्या ‘लब्धप्रणाश’ या चौथ्या तंत्रात जांभळाच्या झाडावरचं माकड मगरीला हेच सांगतं. पालीतल्या ‘सुंसुमार जातका’त तेच माकड आपलं काळीज उंबरावर टांगलेलं दाखवतं. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांबरोबर ही कथा चीनमध्ये गेली आणि तिथून कोरियात. कोरियाच्या रानात माकड नाही, तिथे ससा आला आणि मगरीचं कासव झालं. कोरियातली तिची जुनी नोंद ११४५ सालच्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात आहे आणि ती नोंद वाचून मी थक्क झालो होतो. इ.स. ६४२ मध्ये शिल्ला राज्याचा सरदार किम चुन-चू शेजारच्या गोगुर्यॉ राज्यात मदत मागायला जातो आणि कैदेत पडतो. तिथला एक अधिकारी येऊन त्याला दुसरं काही न सांगता कासव आणि सशाची गोष्ट सांगतो. किम समजतो. राजाला हवा तो प्रदेश देण्याचं कबूल करतो, सुटतो आणि सरहद्द ओलांडल्यावर शब्द फिरवतो. हाच किम पुढे शिल्लाचा राजा झाला. आपल्या जांभळाच्या झाडावरच्या गोष्टीनं परमुलखात एका माणसाचा जीव वाचवला, असं तिथला इतिहास सांगतो.

आता कीर्तनाचं. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, तेव्हा एकच माणूस राजा होतो, राणी होतो, दूत होतो. गद्यातून गाण्यात जातो, गाण्यातून गद्यात येतो. तेवढ्यापुरतं साम्य खरं आहे. पान्सोरीतही गाणं असतं (‘सोरी’), बोलणं असतं (‘आनिरी’) आणि अभिनय असतो (‘बाल्लिम’). पण बुवांच्या मागे पेटी, तबला, झांजा असतात आणि सगळ्याचा रोख हरिनामाकडे असतो. पान्सोरीत सूर धरायलासुद्धा वाद्य नाही. एक चटई, त्यावर उभा गायक, त्याच्या हातात मिटणारा पंखा आणि बाजूला बसलेला ढोलकरी, ‘गोसू’. पंखा मिटला की काठी, उघडला की पत्र. हुंगबोच्या कथेत भोपळा कापताना तोच पंखा करवत होतो. कथेचं प्रयोजनही ऐहिक आहे. चुन्ह्यांग ही गणिकेची मुलगी अधिकाऱ्याला नकार देऊन फटके खाते. शिमचॉंग आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून तीनशे पोती तांदळासाठी स्वतःला खलाशांना विकते. हुंगबो आणि नोलबो या दोन भावांतला गरीब भाऊ मोडक्या पायाच्या पाकोळीवर उपचार करतो. आणि ‘जॉकब्यॉक-गा’ ही चीनमधल्या तीन राज्यांच्या युद्धाची कथा, पण तिच्यात सेनापतींइतकेच घरच्या आठवणीनं रडणारे साधे शिपाई ऐकू येतात. सशाची धरून या पाच कथा आज पूर्ण गायल्या जातात.

ढोलकऱ्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगितलं पाहिजे. कोरियन जाणकार म्हणतात, पहिला ढोलकरी, दुसरा गायक. तो उजव्या हातातल्या दांड्यानं कधी चामड्यावर, कधी ढोलाच्या लाकडी खोडावर मारतो आणि डावा पंजा दुसऱ्या बाजूच्या चामड्यावर पडतो. गायकाचा दम कमी पडतोय असं दिसलं की ठोका भरीव करतो, गायक रंगात आला की हात आवरतो. कथेतलं पात्र कुणाशी बोलत असेल तर गायक ढोलकऱ्याकडे वळून बोलतो. आणि ढोलकरी सारखं काहीतरी म्हणत असतो : ‘ऑल्सिगु’, ‘जोता’, ‘जाल हान्दा’. वा, छान, बहोत खूब, अशा अर्थाचे हे उद्गार. यांना ‘चुइमसे’ म्हणतात आणि ते फक्त ढोलकऱ्यानं नाही, समोरच्या सगळ्यांनी द्यायचे असतात. पोवाड्यात झीलकरी मंचावरून साथ देतात. इथे झील धरणारे खाली बसलेले असतात. वाटेल तिथे ओरडून चालत नाही. गाण्याच्या ओळीनं सोडलेली जागा असते, ती ओळखून नेमक्या क्षणी उद्गार पडावा लागतो. तो चुकला की गायकाचा श्वास मोडतो, जमला की गायक पुढची ओळ वरच्या पट्टीत उचलतो. उत्तम गायकाला जसा किताब आहे तसाच उत्तम श्रोत्यालाही आहे, ‘कानाचा उस्ताद’. माझ्या मते पान्सोरीचं सगळं मर्म या एका व्यवस्थेत आहे. गप्प बसून ऐकली तर ती अर्धीच ऐकली.

आठ तास हेही खरं. चुन्ह्यांगची कथा काही परंपरांत तेवढी चालते. पण पूर्वी एका बैठकीत सगळी कथा गायची रीत फारशी नव्हती. लोकांना आवडणारे तुकडे गायले जात. १९६८ साली पाक दोंग-जिन यांनी हुंगबोची कथा सलग सुमारे पाच तास गायली आणि पुढच्या वर्षी चुन्ह्यांगची आठ तास. पूर्ण कथा गाण्याचा आजचा रिवाज तिथून रुजला.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते. पान्सोरीचे गायक इतक्या बसलेल्या, खरखरीत आवाजात का गातात? धबधब्यासमोर रियाज करून रक्त ओकतात म्हणे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तो आवाज बसलेला नाही, कमावलेला आहे. ‘सुरिसॉंग’ हे त्याचं नाव. मोकळ्या मैदानात, बाजारात, भोंग्याशिवाय तासन्‌तास गायचं, म्हातारा बाप, तरुण मुलगी, वाघ आणि राजा सगळे एकाच घशातून काढायचे, तर गोड, नितळ आवाज पुरत नाही. तो लवकर फाटतो आणि दुःखाचा भार पेलत नाही, असं तिथले गुरू मानतात. म्हणून घशाला घट्टे पडेपर्यंत गायचं, आवाज जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. यातून जो टिकतो त्याला ‘दुगुम’ झालं म्हणतात, नाद गवसला. डोंगरात शंभर दिवस एकट्यानं राहून करायचा रियाज ही खरी परंपरा आहे आणि आजही सुटीत गुरू शिष्यांना घेऊन डोंगरात जातात. धबधब्याच्या गर्जनेतून आपला आवाज आपल्याला ऐकू येईपर्यंत गायचं, हा त्यातला जुना पाठ. रक्त ओकण्याच्या कथा जुन्या गायकांबद्दल सांगतात खऱ्या. त्यांचं अनुकरण मात्र करू नका.

तुम्ही शिकता म्हणून एक बारकावा. करुण प्रसंगांसाठी ‘ग्येम्यॉन्जो’ नावाची स्वररचना असते आणि तिच्यात प्रत्येक स्वराचं वागणं ठरलेलं असतं. खालचा स्वर जाड आंदोलन घेत थरथरतो, मधला सरळ उभा राहतो, वरचा लागता लागता मोडून खाली घसरतो. तो मोडलेला स्वर ऐकला की हुंदक्याची आठवण होते. तालही प्रसंगाप्रमाणे बदलतात. ‘जिन्यांग’ सर्वांत संथ, ‘ह्विमोरी’ सर्वांत जलद. शिमचॉंगला घेऊन जहाज समुद्रात निघतं तो भाग जिन्यांगमध्ये आहे. काही घडत नाही, फक्त पाणी, आकाश, वाटेतली ठिकाणं. ऐकणाऱ्याला कळत असतं की ही वाट कुठे जाते आणि गायक घाई करत नाही. मग जहाज ठरल्या जागी पोचतं, ढोल वाढत जातो आणि उडीचा क्षण इतक्या झपाट्यानं येऊन जातो की सावरायला वेळ मिळत नाही. या दोन्ही तालांच्या मध्ये जो माणूस श्वास राखू शकतो तोच हे गाऊ शकतो.

घराणीही आहेत. दक्षिणेकडच्या जॉल्ला प्रांतात सॉमजिन नदीच्या पूर्वेकडची ‘दोंगप्यॉन्जे’ भरदार, ठोस, ठाशीव शेवटांची. पश्चिमेकडची ‘सॉप्यॉन्जे’ अलंकारांची, करुणेकडे झुकलेली. या प्रांतातल्या वंशपरंपरागत मांत्रिक स्त्रियांच्या विधीसंगीताशी पान्सोरीचं नातं जवळचं मानलं जातं, कारण अनेक गायक त्याच घरांतले पुरुष होते. समाजात त्यांची जागा तळाला होती.

बायका बऱ्याच उशिरा आल्या. गोचांगच्या शिन जे-ह्यो (१८१२-१८८४) या हौशी, सधन कारकुनानं गायकांना घरी ठेवून घेतलं, कथांचे पाठ नीट लावले आणि जिन छे-सॉन या मुलीला शिकवलं. १८६० च्या दशकात सोलचा ग्यॉंगबोक राजवाडा पुन्हा उभा राहिला त्या सोहळ्यात ती गायली. पहिली स्त्री-गायिका म्हणून तिचं नाव घेतात. आज मंचावर बहुसंख्य बायकाच दिसतात.

प्रश्न : युनेस्कोच्या यादीत नाव आलं की कला वाचते का? कोरियात पान्सोरीसाठी नेमकं काय केलं? आपल्या लोककलांसाठी काम करणाऱ्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून विचारतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोरियानं युनेस्कोची वाट पाहिली नाही. जपानी राजवट आणि मग युद्ध यांत पान्सोरीचे गुरू पांगले. १९६२ साली वारसा-संरक्षणाचा कायदा झाला आणि १९६४ साली पान्सोरीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा पाचवा क्रमांक मिळाला. या कायद्याचं वेगळेपण असं की तो कलेबरोबर माणसाला मान्यता देतो. विशिष्ट कथा विशिष्ट परंपरेनं जाणणाऱ्या गायकाला ‘धारक’ म्हणून नेमतात, सरकार दरमहा मानधन देतं आणि त्यानं शिष्य तयार करायचे असतात. किम सो-ही, पाक नोक-जू, किम यॉन-सू हे सुरुवातीचे धारक. ढोलवादनालाही १९७८ साली स्वतंत्र मान्यता मिळाली. युनेस्कोनं २००३ साली पान्सोरीला मानवी वारशाची श्रेष्ठ कृती म्हटलं आणि २००८ साली ती प्रातिनिधिक यादीत गेली. तोवर घरचं काम चाळीस वर्षं चाललं होतं. तुमच्या मंडळींनी घ्यावं तर हे.

या व्यवस्थेनं पाच कथा वाचवल्या, यात मला शंका नाही. पण तिची किंमतही पडली आणि ती किंमत युनेस्कोच्या स्वतःच्या नोंदीत नमूद आहे : जतनाच्या प्रक्रियेनंच उत्स्फूर्तता कमी झाली, लिखित पाठ वाढले आणि ऐनवेळी रचण्याची वाट अरुंद झाली. हे समजायला ‘दॉनुम’ काय ते कळलं पाहिजे. एखादा गायक एखादा प्रसंग आपल्या परीनं इतका सुंदर रचायचा की पुढच्या पिढ्या तो त्याच्या नावानं गात राहायच्या. हुंगबोच्या कथेत दुष्ट भाऊ पाकोळ्या पकडायला निघतो तो भाग असाच ग्वोन साम-दुक या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या गायकाच्या नावावर आहे. आज आपण ज्याला मूळ पाठ म्हणतो तो अशा भरींचाच थर आहे. गुरूची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला जुने लोक ‘फोटो-गाणं’ म्हणत आणि ते कौतुकानं म्हणत नसत. मान्यतेची परीक्षा मात्र स्वाभाविकपणे हुबेहूब गाणाऱ्याच्या बाजूनं झुकते.

शिवाय पाच कथाच का उरल्या, हेही पाहा. एकोणिसाव्या शतकात सोंग मान-जे या विद्वानानं बारा कथांची नोंद केली. त्याच काळात उमराव मंडळी पान्सोरीची आश्रयदाती झाली, गायकांना दरबारी मान मिळू लागला आणि पाठांत चिनी काव्याची भर पडली. टिकल्या त्या कथांवर निष्ठा, पितृभक्ती, बंधुप्रेम अशा मान्य मूल्यांची शाल घालता आली. चावट, उद्धट, उघड टिंगल करणाऱ्या मागे पडल्या. त्यातल्या काही लिखित स्वरूपात वाचायला मिळतात. एकीत फेझंट पक्ष्याचा नर बायकोचं न ऐकता सापळ्यातला दाणा खातो आणि मरतो, आणि ती विधवा पुन्हा संसार मांडते. त्यांच्या चाली मात्र गेल्या. कुणी बंदी घातली म्हणून नाही, ऐकायला बोलावणारे उरले नाहीत म्हणून. उद्गार देणारा समोर नसला की या कलेचं काय होतं, त्याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

म्हणून मला नवं रचणाऱ्यांचं मोल जास्त वाटतं. किम जी-हा यांच्या उपहासकविता घेऊन इम जिन-थेक हुकूमशाहीच्या काळात पान्सोरी गायले. ई जा-राम या गायिकेनं ब्रेख्तची नाटकं पान्सोरीत आणली आणि पूर्ण प्रेक्षागृहांत गायली. पारंपरिक कथा आठ तास गाण्याचा पाया तिच्याकडे आहे, म्हणून ते उसनं वाटत नाही. लीनालचीनं तर परंपरेतले शब्द तसेच ठेवून फक्त साथ बदलली. जुन्या जाणकारांपैकी काहींना हे रुचत नाही. त्यांची एक भीती मला रास्त वाटते : ठेका सतत सारखा राहिला की गायक आणि ढोलकऱ्यातली देवघेव संपते. पण तरुणांच्या तोंडी ते शब्द पुन्हा बसले, हे मला त्याहून मोठं वाटतं.

प्रश्न : कोरियन येत नाही. ऐकायला सुरुवात कुठून करू? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : इम ग्वोन-थेक या दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांपासून. ‘सॉप्यॉन्जे’ (१९९३) हा फिरत्या गायक कुटुंबाचा चित्रपट सोल शहरात दहा लाख प्रेक्षक मिळवणारा पहिला कोरियन चित्रपट ठरला. त्यात बाप मुलीच्या गाण्यात दुःख यावं म्हणून तिला आंधळी करतो. तो भाग पाहणं जड जातं, मुलांसोबत पाहू नका. दुसरा ‘चुन्ह्यांग’ (२०००). तो आधी पाहा. त्यात जो सांग-ह्यॉन मंचावर कथा गातात आणि त्याच गायनावर दृश्यं उभी राहतात, अधूनमधून प्रेक्षागृह दिसतं आणि खालून येणारे उद्गारही ऐकू येतात. चुन्ह्यांगला फटके मारतात तिथे ती प्रत्येक फटक्याच्या आकड्यावरून आपला नकार नव्यानं सांगते. तिथे उपशीर्षकांपेक्षा ढोलाकडे लक्ष द्या. त्यानंतर सुगुंग-गा पारंपरिक गायनात ऐका, पूर्ण नाही, वाघाच्या प्रसंगापुरती. तीन-दोन, तीन-दोन असं बोटांवर मोजलंत तर दुसऱ्या आवर्तनापासून तुम्हीही तालात असाल.